मालवाहू जहाजाचा पूर्वेतिहास कसा तपासावा आणि जहाजावर अडकल्यास काय करावे

बैरूत बंदरातील ४ ऑगस्ट २०२० च्या स्फोटात दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, तेव्हा तेथील गोदामातले अमोनियम नायट्रेट ‘रोसस’ नावाच्या मालवाहू जहाजातून आले होते, हे जगाला कळले. त्या जहाजावर माणसेही अडकून पडली होती, ही गोष्ट मात्र मागेच राहिली. मोल्दोव्हाचा ध्वज लावलेले हे जहाज सप्टेंबर २०१३ मध्ये २,७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन जॉर्जियातील बाटुमीहून मोझांबिकमधील बेइरा बंदराकडे निघाले होते. सुएझ कालव्याचे शुल्क भरण्याची सोय नव्हती, म्हणून जादा माल घेण्यासाठी ते नोव्हेंबरमध्ये बैरूतला वळवण्यात आले. तेथे अवजड यंत्रे चढवताना डेक वाकू लागला, तपासणीत जहाज प्रवासास अयोग्य ठरले, बंदराची देणी थकली आणि मालकाने हात वर केले. बहुतेक खलाशी घरी परतले. कप्तान बोरिस प्रोकोशेव आणि आणखी तिघांना मात्र पुढच्या वर्षी न्यायालयाने मोकळे करेपर्यंत त्या स्फोटक मालासोबतच राहावे लागले. वकिलाचे पैसे देण्यासाठी जहाजातले इंधन विकावे लागले, असे कप्तानांनी नंतर सांगितले.

हे संकट बैरूतला सुरू झाले नव्हते. जुलै २०१३ मध्येच स्पेनमधील सेव्हिल बंदरात तपासणीत १४ त्रुटी सापडल्याने हे जहाज रोखून धरले होते, आणि प्रोकोशेव तुर्कस्तानात रुजू झाले ते आधीच्या खलाशांनी थकलेल्या पगारावरून बंड केल्यानंतर. जहाज माणसांना वाऱ्यावर सोडण्याच्या कितीतरी आधी त्याच्या नोंदींत तशी चिन्हे दिसू लागतात. त्या नोंदी आज कोणालाही घरबसल्या वाचता येतात, आणि करारावर सही करण्यापूर्वी त्या वाचाव्यात, असे मला कळकळीने सांगायचे आहे. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या नोंदीप्रमाणे २०२४ मध्ये तीन हजारांहून अधिक खलाशी असे सोडून दिले गेले आणि त्यांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती.

सुरुवात एजंटाकडे जहाजाचा आयएमओ क्रमांक, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या योजनेतला ओळख क्रमांक, मागून करावी. नुसत्या नावावर विसंबू नये, कारण जहाजाचे नाव, मालक आणि ध्वज, म्हणजे नोंदणीचा देश, वारंवार बदलतात. सात अंकी आयएमओ क्रमांक मात्र जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. दिलेला क्रमांक बनावट नाही ना, हे कागदावरही पडताळता येते. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३ आणि २ ने गुणून बेरीज केली की त्या बेरजेचा शेवटचा अंक हाच क्रमांकाचा सातवा अंक असावा लागतो. ‘रोसस’चा क्रमांक ८६३०३४४ होता, त्याची बेरीज १२४ येते आणि शेवटचा अंक ४ जुळतो. जो एजंट ‘जहाज ऐनवेळी कळेल’ असे सांगून हा क्रमांक देण्याचे टाळतो, त्याच्याकडचे काम न घेतलेलेच बरे.

क्रमांक हाती आला की एक्वासिस या संकेतस्थळावर विनामूल्य नाव नोंदवून जहाजाचे पान उघडावे. तेथे आधीची नावे, ध्वज, मालक व व्यवस्थापन कंपन्या, जहाजाची बांधणी व स्थिती तपासून प्रमाणित करणारी वर्गीकरण संस्था, विम्याची नोंद आणि वेगवेगळ्या बंदरांत झालेल्या तपासण्या एकाच जागी मिळतात. जहाजाचे वय जास्त असणे हा एकट्याने दोष नव्हे. नीट राखलेली जुनी जहाजेही असतात. परंतु दोन-तीन वर्षांत वारंवार ध्वज बदललेला असेल, नामांकित वर्गीकरण संस्थेने जहाज सोडलेले असेल, मालक म्हणून दाखवलेल्या कंपनीच्या नावावर हे एकच जहाज असेल आणि त्यातच बंदरात रोखून धरल्याच्या नोंदी असतील, तर ही चारही चिन्हे एकत्र वाचावीत. एकाच जहाजाची कंपनी असेल तर पगार बुडाल्यावर वसुलीसाठी त्या जहाजाखेरीज काहीच हाती लागत नाही. ध्वजाची पत पाहण्यासाठी पॅरिस कराराची, म्हणजे बंदरांतील जहाज-तपासणीसाठी मुख्यतः युरोपीय देशांनी केलेल्या कराराची, ध्वजांच्या कामगिरीची यादी उपयोगी पडते. आपल्या बाजूच्या समुद्रातील तपासण्यांसाठी तशाच हिंदी महासागर कराराच्या नोंदी पाहाव्यात. त्याचे सचिवालय गोव्यातच आहे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, म्हणजे आयएलओच्या परित्यक्त (मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या) खलाशांच्या नोंदसूचीत जहाजाचा आणि मालकाचा शोध घ्यावा. याच मालकाचे दुसरे एखादे जहाज त्या सूचीत असले, तरी तेवढे कारण नकार द्यायला पुरेसे आहे.

एजंटाची तपासणी त्या मानाने सोपी आहे. त्याच्याकडे मुंबईतील नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना हवा आणि तो आजच्या तारखेला चालू असल्याची खात्री महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरील यादीतून करावी, भिंतीवर टांगलेल्या चौकटीवरून नव्हे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्यास नियमाने बंदी आहे. पैसे मागितले गेले, किंवा पर्यटन व्हिसावर एखाद्या आखाती बंदरात जाऊन तेथे जहाजावर चढायला सांगितले गेले, तर बोलणे तिथेच थांबवावे. अशा मार्गाने गेलेल्या खलाशाची भारतीय दप्तरात नोंदच नसते आणि अडचणीत त्याचा शोध घेणेही अवघड होते.

जहाजावर गेल्यानंतर पहिल्याच दिवशी एक काम करावे. सागरी कामगार करार या आंतरराष्ट्रीय करारातील १८ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, मालकाने खलाशांना सोडून दिल्यास खर्च कोण भरणार, याचे विमा प्रमाणपत्र सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावणे बंधनकारक आहे. त्यावर विमा देणाऱ्या संस्थेचे नाव, पत्ता, संपर्क आणि मुदत असते. त्याचा स्वच्छ फोटो काढून घरी पाठवावा. आपल्या नोकरीच्या कराराची, सीडीसीची (खलाशाच्या सेवा-नोंदीच्या पुस्तिकेची) आणि पासपोर्टची प्रतही त्यासोबत ठेवावी. मासेमारी नौकांना आणि धाऊसारख्या पारंपरिक गलबतांना हा सागरी कामगार करार लागू नाही, हे आखातात जाणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

आता अडकण्याविषयी. सागरी कामगार करारानुसार तीन परिस्थितींत खलाशी परित्यक्त ठरतो: मालकाने घरी परतण्याचा खर्च दिला नाही, अन्नपाणी व आवश्यक सोयी पुरवल्या नाहीत, किंवा संबंध एकतर्फी तोडले, ज्यात किमान दोन महिन्यांचे वेतन थकवणेही येते. यांपैकी एक गोष्ट घडली तरी पुरे. असे असूनही बहुतेक जण ‘पुढच्या बंदरात पगार मिळेल’ या आश्वासनावर सहा-सहा महिने काढतात आणि तोवर विम्याची मुदत संपून जाते. विमा थकलेले वेतन जास्तीत जास्त चार महिन्यांचेच भरून देतो, त्यामुळे त्यापुढचा प्रत्येक महिना खलाशी स्वतःच्या जबाबदारीवर काढत असतो. दोन महिने पूर्ण होताच विमा संस्था, ध्वज देशाचे प्रशासन, बंदराचा तपासणी अधिकारी, आयटीएफचा निरीक्षक, नौवहन महासंचालनालय आणि भारतीय दूतावास यांना एकाच वेळी पत्र पाठवावे. पत्रात जहाजाचे नाव, आयएमओ क्रमांक, सध्याचे ठिकाण, जहाजावरील माणसांची संख्या व राष्ट्रीयत्व, प्रत्येकाची थकबाकी आणि अन्न, गोडे पाणी व इंधन किती दिवस पुरेल, हे आकड्यांत लिहावे. शक्य असेल तर सर्वांनी मिळून सही करावी, म्हणजे एकट्यादुकट्यावर दबाव आणणे मालकाला कठीण जाते. घरच्यांनी याच मजकुराची तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर नोंदवावी आणि मुंबईतील खलाशांच्या संघटनांकडेही जावे.

रोजची नोंदवही ठेवावी. किती पाणी उरले, जनरेटर किती तास चालला, कोण आजारी पडले, मालकाच्या माणसाने फोनवर काय सांगितले, हे तारखेसह लिहिलेले न्यायालयात उपयोगी पडते.

यापेक्षाही महत्त्वाचा इशारा सह्यांबाबतचा आहे. बहारीनचा ध्वज असलेले ‘अमान’ हे जहाज जुलै २०१७ मध्ये इजिप्तच्या अदाबिया बंदरात प्रमाणपत्रांची मुदत संपल्यामुळे अडकले. कप्तान किनाऱ्यावर होता आणि सीरियाचा मुख्य अधिकारी जहाजावर, म्हणून न्यायालयाने त्याला जहाजाचा कायदेशीर रक्षक नेमले. त्याने सही केलेल्या त्या कागदाचा अर्थ, म्हणजे आता आपल्याला जहाज सोडता येणार नाही हे, त्याला उमगेपर्यंत फार उशीर झाला होता. बाकीचे एकेक करून गेले, मधल्या काळात त्याची आई वारली, मार्च २०२० च्या वादळात जहाज वाहत किनाऱ्याजवळ रुतले, आणि अन्न आणण्यासाठी व फोन चार्ज करण्यासाठी तो पोहून काठावर जात असे. एप्रिल २०२१ मध्ये त्याची सुटका झाली. म्हणून परक्या भाषेतील कोणत्याही कागदावर दूतावासाशी किंवा आयटीएफच्या निरीक्षकाशी बोलल्याखेरीज सही करू नये. थोडी रक्कम हातावर ठेवून ‘सर्व हिशेब मिटला’ असे लिहून घेणाऱ्या पावतीवर तर मुळीच करू नये.

जहाज सोडल्याने पगाराचा हक्क जात नाही. खलाशाच्या वेतनाचा बोजा जहाजावरच असतो आणि जहाज जप्त होऊन लिलावात निघाल्यास त्याला वरचा प्राधान्यक्रम मिळतो. भारतीय बंदरातील जहाजाबाबत २०१७ च्या सागरी दावे कायद्याखाली ते बंदर ज्याच्या हद्दीत येते त्या उच्च न्यायालयात, उदाहरणार्थ महाराष्ट्रातील बंदरासाठी मुंबई उच्च न्यायालयात, असा दावा करता येतो. वेतनाच्या बोज्याची मुदत, वेतन देय झाल्यापासून, दोन वर्षांची आहे. विम्याने दिलेल्या चार महिन्यांच्या वरची रक्कमही याच मार्गाने मागता येते.

घरी आल्यावर सीडीसीवरील सेवेच्या नोंदी पूर्ण करून घ्याव्यात. आयएलओच्या नोंदसूचीत आपले प्रकरण कोणत्या स्थितीत दाखवले आहे, तेही पाहावे. थकबाकी मिळालेली नसताना ते निकाली निघाल्याचे दाखवले असेल, तर संघटनेमार्फत लेखी हरकत घ्यावी, कारण त्याच जहाजाचा क्रमांक घेऊन उद्या दुसरा कोणी खलाशी तीच सूची उघडणार आहे.