चोरलेल्या हरितलवकांवर काम सुरू करताना

काही एकपेशीय जीव शैवाल खातात, पण त्याची हरितलवकं (पेशीतले प्रकाशसंश्लेषण करणारे भाग) न पचवता स्वतःसाठी वापरतात; हीच ती चोरी. मायक्रोस्कोपखाली अशा पेशीत लालसर-हिरवे ठिपके दिसले की नवखा विद्यार्थी वहीत 'प्रकाशसंश्लेषण करते' असं लिहून मोकळा होतो. पण नुकतंच गिळलेलं शैवालही तसंच चमकतं. तो ठिपका म्हणजे पोटातलं अन्न की कामाला जुंपलेलं हरितलवक, हे ठरवण्यातच या विषयातली बहुतेक मेहनत जाते.

सुरुवातीसाठी मेसोडिनियम रुब्रम हा सिलिएट (केसांसारख्या तंतूंनी पोहणारा एकपेशीय जीव) सर्वात सोयीचा. तो टेलिऑलॅक्ससारखी क्रिप्टोफाइट शैवालं खातो आणि त्यांची हरितलवकं राखून ठेवतो. डायनोफायसिस हे डायनोफ्लॅजेलेट (चाबकासारख्या शेपट्यांनी पोहणारा एकपेशीय जीव) याच मेसोडिनियमला नळीसारखा अवयव खुपसून शोषून घेतं आणि त्यातली हरितलवकं पळवतं. अगदी चोरावर मोर. ही तीन पायऱ्यांची साखळी लक्षात आल्यावरच डायनोफायसिस प्रयोगशाळेत टिकवता आलं, आणि ते यश कोरियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणून डायनोफायसिसवर काम करायचं असेल तरी आधी खालच्या दोन पायऱ्या पक्क्या करा.

टेलिऑलॅक्स एफ-बाय-टू (f/2) या समुद्री शैवालांच्या पोषक माध्यमात सहज वाढतं. एक लिटर गाळून निर्जंतुक केलेल्या समुद्रपाण्यात नायट्रेट, फॉस्फेट आणि सूक्ष्म धातू यांच्या साठाद्रावणांचा प्रत्येकी १ मिलिलीटर आणि जीवनसत्त्वांचा अर्धा मिलिलीटर घाला. सिलिकेट वगळा, ते डायटमसाठी असतं, इथे नुसताच गाळ बसतो. तापमान १६ ते २० अंश, प्रकाश ५० ते १०० मायक्रोमोल फोटॉन प्रति चौरस मीटर प्रति सेकंद, आणि १४ तास उजेड, १० तास अंधार. दर आठवड्याला दहास एक प्रमाणात नव्या माध्यमात हलवा. अंटार्क्टिकातली जोडी, म्हणजे तिथला मेसोडिनियम आणि त्याचं भक्ष्य जेमिनिजेरा, मागवली असेल तर मात्र तापमान २ ते ५ अंशच हवं. साध्या खोलीत ती मरते.

मेसोडिनियमला जास्त खाऊ घालणं ही सर्वात नेहमीची चूक. त्याला पेशीमागे दिवसाला एखादं भक्ष्यही पुरतं. भक्ष्य उरलं की ते स्वतःच वाढत सुटतं, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपवतं आणि सामू ९ च्या वर नेतं. मग एका रात्रीत सिलिएट फुटलेले सापडतात आणि दोष माध्यमाला दिला जातो. आठवड्यातून दोनदा, भक्ष्य मेसोडिनियमच्या दुप्पट-चौपट होईल एवढंच घाला आणि सामू मोजत राहा. फ्लास्क हलवणी यंत्रावर ठेवू नका, पिपेटचं टोक रुंद घ्या आणि मायक्रोस्कोपचा दिवा मंद ठेवा. ही पेशी उष्णतेने आणि घुसळणीने डोळ्यांदेखत फुटते.

डायनोफायसिसला मेसोडिनियम देण्याआधी मेसोडिनियमला काही दिवस उपाशी ठेवा, म्हणजे मोकळं टेलिऑलॅक्स खाऊन संपतं. साधारण एका डायनोफायसिसमागे दहा मेसोडिनियम पुरतात. माध्यम पातळ ठेवा, वाढ सावकाश होते हे गृहीत धरा. शिंपल्यांमधून जुलाब घडवणारी ओकाडाइक आम्लासारखी विषं मुख्यतः याच कुळाकडून येतात. हातमोजे घाला आणि वापरलेलं पाणी सरळ मोरीत ओतू नका.

आता खरा प्रयोग: उपासमार. भक्ष्य पूर्ण बंद करून एक भाग उजेडात, एक अंधारात ठेवा आणि रोज मोजणी करा. उजेडातल्या पेशी जास्त टिकल्या तर हरितलवकं कामाची आहेत, एवढं सिद्ध होतं. उजेडात डायनोफायसिस उपाशीपोटी दोन-दोन महिने तगतं, त्यामुळे आठवडाभराच्या प्रयोगातून काही कळत नाही. मोजताना एक फसवणूक होते. पेशी उपाशी असतानाही विभाजित होतात, त्यामुळे प्रत्येक पेशीतली हरितलवकं निम्मी होतात, नष्ट झालेली नसतात. म्हणून पेशीमागचा आकडा आणि मिलिलीटरमागची एकूण संख्या, दोन्ही लिहा.

मेसोडिनियममध्ये हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. तो हरितलवकांसोबत भक्ष्याचं केंद्रकही पळवतो. २००७ मध्ये दाखवलं गेलं की हे चोरीचं केंद्रक ३० दिवसांपर्यंत कार्यरत राहतं. केंद्रक जागेवर आहे तोवर हरितलवकांची डागडुजी आणि वाढ दोन्ही होते. पण ते स्वतः विभाजित होत नाही, म्हणून लेकी पेशींपैकी काहींच्याच वाट्याला येतं. सरासरी घेतली की हा फरक पुसला जातो. केंद्रक रंगवून पेशीगणिक मोजा. डायनोफायसिसकडे असं केंद्रक नसतंच, तेव्हा दोघांचे आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करणं आमच्या मते चुकीचं.

मापनात पॅम फ्लुरोमीटर (क्लोरोफिलची चमक मोजणारं यंत्र) हाताला लगेच येतो. नमुना १० ते १५ मिनिटं अंधारात ठेवा, मग कमाल प्रकाशक्षमता (Fv/Fm) घ्या. ०.६ च्या आसपास आकडा आला तर हरितलवकं सुस्थितीत. पण हा आकडा फक्त प्रकाशप्रणाली-२ चा (PSII) आहे, कार्बन खरंच बांधला गेला का हे तो सांगत नाही. त्यासाठी किरणोत्सारी कार्बन-१४ लागतो, आणि उजेडातल्या बाटलीतून अंधारातल्या बाटलीचा आकडा वजा करावाच लागतो. डीसीएमयू (प्रकाशसंश्लेषण थांबवणारं रसायन) वापरून इलेक्ट्रॉनवहन रोखत असाल, तर त्याच्या द्रावकाचा नुसता थेंब घातलेली वेगळी बाटली ठेवा.

दोन्ही मापनांत मोकळं भक्ष्य हाच शत्रू. १० मायक्रॉनच्या जाळीतून पाणी सावकाश झिरपू द्या, जाळी कधीही कोरडी पडू देऊ नका, आणि गाळून गेलेल्या पाण्याचंही मापन करून ते वजा करा. जनुकं वाचायची असतील तर पेशी एकेक उचलून निर्जंतुक समुद्रपाण्याच्या तीन ते पाच थेंबांत धुवा. न धुतलेल्या नमुन्यात भक्ष्याचंच केंद्रक सापडतं आणि चोरीचा पुरावा म्हणून मिरवलं जातं.

रंगद्रव्यांच्या बाबतीत एवढं ध्यानात ठेवा: ॲसिटोनमध्ये क्लोरोफिल निघतं, फायकोएरिथ्रिन हे क्रिप्टोफाइटचं लाल रंगद्रव्य निघत नाही. ते पाण्यात विरघळतं, त्यासाठी फॉस्फेट बफर आणि गोठवणं-वितळवणं लागतं. हिरव्या प्रकाशाने उद्दीपित केल्यावर ते नारिंगी चमकतं आणि क्रिप्टोफाइटची हरितलवकं ओळखू येतात. मात्र नमुना लुगोलमध्ये (आयोडीनच्या द्रावणात) टिकवला असेल तर ही चमक जाते. लुगोलची बाटली मोजणीपुरती, चमक पाहायची असेल तर ग्लुटाराल्डिहाइड. आणि प्रत्येक पायरीचे दोन फ्लास्क वेगवेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवा, कारण टेलिऑलॅक्स मेलं की आठवड्या-दोन आठवड्यांत वरच्या दोन्ही पायऱ्या उपाशी पडतात.