चालताना गार, सिग्नलला गरम: गाडीच्या एसीचा माझा अनुभव

गाडी पळताना एसी गार आणि स्वारगेटच्या सिग्नलला उभं राहिलं की गरम हवा, असं होत असेल तर लगेच गॅस भरायला धावू नका. गॅस कमी असेल तर सहसा चालत्या गाडीतही गारवा कमीच राहतो. आधी कंडेन्सरचा, म्हणजे पुढच्या जाळीमागे बसून एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचा, पंखा बघा.

एसी चालू ठेवून पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर दोन तांबे पाणी ओतलं. मिनिटभरात हवा गार झाली! म्हणजे गॅस आहे, उष्णताच बाहेर पडत नाही.

पंख्याचा फ्यूज शाबूत होता. त्याच नंबरचा दुसरा रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) लावून पाहिला, फरक नाही. मग इंजिन बंद करून पंख्याचा प्लग काढला आणि फ्यूज लावलेल्या वायरने बॅटरीवरून थेट 12 व्होल्ट दिले. पातं लाकडी पट्टीने ढकललं तेव्हाच फिरलं. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले होते.

नाना पेठेत जुनी मोटर दाखवून तशीच नवी घेतली. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढूनच बसवायची, कारण इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो. प्लगची एक पिन जळून काळी पडली होती, तीही बदलली; नाहीतर सैल पिन तापून नवा प्लगही वितळतो.

उभ्या गाडीत दहा मिनिटांनी व्हेंटपाशी थर्मामीटरने 10 अंश दाखवले.