वर्षभर परदेशात राहून घरी परतताय? सामानाचं सोडा, दुसरा महिना सांभाळा

आमचं हे तीनदा झालंय, तिन्ही वेळा मुलं बरोबर. त्यामुळे "आपल्याच घरी तर जायचंय, त्यात काय एवढं" असं कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. तिकिटं, सामान, शाळेचे दाखले हे सगळं तुम्ही कराल, ते मी सांगत बसत नाही.

आधी घर. खिडक्या उघडा, शॉवरचं तोंड काढा आणि प्रत्येक नळ काही मिनिटं वाहू द्या, कारण साठलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि तुषारांबरोबर छातीत जातात. गाडीची बॅटरी उतरलेली आहे असं धरूनच चाला.

मग झोप. पूर्वेकडे प्रवास करून आलात तर त्रास जास्त, कारण शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा थोडं लांब चालतं, त्याला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. जितक्या तासांचा फरक तितके दिवस ढोबळमानाने धरा, आणि त्या दिवसांत बँकेची कामं, मोठे निर्णय, नवरा-बायकोची भांडणं सगळं पुढे ढकला.

आता खरी गोची. घर आठवड्यात लागतं, माणसं नाही लागत. पहिले पंधरा दिवस मजेत जातात, सगळे भेटायला येतात, आणि मग पाचव्या-सहाव्या आठवड्यात कारण नसताना चिडचिड सुरू होते. पहिल्या वेळी आमची मोठी शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि दार लावून घ्यायची, आणि मी शहाणी रोज दाराबाहेरून सांगायचे, अगं तुझीच शाळा, तुझ्याच मैत्रिणी! हे वाक्य घरात बंदच करा. त्या मैत्रिणींचं एक अख्खं वर्ष तिच्याशिवाय गेलेलं, जोक नवे, भांडणं नवी, आणि ही तिथलं काही सांगायला गेली की "शायनिंग मारते". तिच्यासाठी ती नवीनच शाळा होती, फक्त तिला नवीन कुणी म्हणत नव्हतं.

१९६३ मध्ये जॉन आणि जीन गलाहॉर्न या अभ्यासकांनी हे कागदावर मांडलंय, मनाचा आलेख डब्ल्यू या अक्षरासारखा जातो, एक खड्डा परदेशात आणि दुसरा परतल्यावर. पहिल्याची तयारी सगळे करतात. दुसऱ्यात पडल्यावर वाटतं मूल बिघडलं.

तर करायचं काय? वेलकम पार्टी अजिबात नको, त्या गोंधळात मूल जास्तच एकटं पडतं. शाळा सुरू व्हायच्या आधी एकच मित्र किंवा मैत्रीण घरी बोलवा, दोन-तीन तास, आणि पुढच्या वेळी दुसरी. वर्गशिक्षकांना एवढंच सांगा की हिला नवीन मुलगी समजा. घरात "तिकडे बरं होतं" म्हणू द्या, खोडून काढू नका, हे नवऱ्यालाही लागू आहे बरं का, आमच्याकडे मुलांपेक्षा तोच जास्त म्हणायचा. बाहेर मात्र तिथल्या गोष्टी कुणी विचारल्यावरच, आणि थोडक्यात. लोकांना वाटतं आपण त्यांना कमी लेखतोय, त्यांचंही चुकत नाही. पहिले तीन महिने घराचं नूतनीकरण आणि नोकरी बदलणं दोन्ही नको, भले हात कितीही शिवशिवू देत.

मुलांचे खोके मुलांनाच उघडू द्या. आमच्या धाकट्याचा एक खोका पाच महिने पलंगाखाली होता, राहू दिला.

राहता राहिली तिथली भाषा. लहान मुलं ती फार पटकन विसरतात, काही महिन्यांत शब्द अडायला लागतात. टिकवायची असेल तर क्लासबिस लावू नका, तिथल्या एका मित्राशी आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल ठरवून टाका. आणि कॉल चालू असताना तुम्ही शेजारी बसू नका.