दाढेला हात लावू देण्याआधी

येत्या गुरुवारी आईला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. दोन दाढा, एक हलणारा सुळा आणि जमलंच तर कवळीची चौकशी. यादी करायला बसले, कारण माझ्या स्वतःच्या दाढेच्या वेळी मी जो घोळ घातला तो आईच्या वाट्याला नको.

आधार कार्ड, जुने एक्स-रे, चष्मा, पाण्याची बाटली. यावर काय लिहायचं? घ्या. रेशन कार्डही घ्या, कारण पुढे येईल.

आता खरं काम. खर्च विचारताना ‘रूट कॅनालचे किती?’ असं विचारायचं नाही. ‘कॅपसकट किती?’ असं विचारायचं. मी पहिला प्रश्न विचारला होता आणि उत्तर आलं, साडेतीन हजार. डॉक्टर खोटं बोलले नाहीत, साडेतीनच घेतले. तिसऱ्या सिटिंगला म्हणाले, ‘ताई, कॅपचं माप कधी घ्यायचं? साधी चार हजार, झिर्कोनियाची, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या सिरॅमिकची, नऊ.’ दाढ दुखायची थांबली होती, पाकीट रिकामं होतं. म्हटलं, दिवाळीनंतर बघू. दिवाळी गेली, संक्रांत गेली. पाडव्याच्या आसपास एका संध्याकाळी भडंग खात बसले होते, शेंगदाणा दाढेखाली आला आणि कट्ट वाजलं. आधी वाटलं खडा असेल. दाढ उभी चिरली होती, थेट मुळापर्यंत. काढायचे आठशे, मग शेजारच्या दोन धडधाकट दाढा तासून तीन कॅपांचा ब्रिज, बारा हजार. साडेसात हजारांत मिटणारं काम सोळा हजार तीनशेवर गेलं. तासलेल्या दाढा काही परत येत नाहीत.

असं का होतं? कीड लागून दाढ आधीच अर्धी गेलेली असते, त्यात नसेपर्यंत पोचायला वरून भोक पाडतात. उरतात त्या पातळ भिंती, आणि चावायचा सगळा भार त्यांच्यावर. कॅप त्या भिंती बांधून धरते. पुढच्या दाताला कधीकधी नुसतं फिलिंग चालतं. दाढेला ‘कॅप नंतर बघू’ चालत नाही. कॅपचे पैसे नसतील तर आधी ते जमवा किंवा हप्ते ठरवा, पण रूट कॅनाल करून दाढ उघडी ठेवू नका. आणि विचारा कॅपसकट, लिहून घ्या कॅपसकट: तपासणी, एक्स-रे, रूट कॅनाल, लागली तर पोस्ट (कॅपला आधार म्हणून मुळात बसवायची काडी), कॅप कुठल्या प्रकारची आणि ती निघाली तर पुन्हा बसवायचे किती. एका कागदावर, त्यांच्याच अक्षरात. संकोच कसला? टाइल्स बसवणाऱ्याला आपण चारदा विचारतो.

रेशन कार्डाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पांढरं कार्डही चालतं आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, हे ऐकून आमच्या गल्लीत निम्म्या लोकांचा समज झालाय की दातही त्यात बसतात. योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. अपघातात जबडा मोडला, तोंडाचा कर्करोग निघाला, तर कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा आणि दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा, नंतर नाही. चौकशीचा नंबर 155388. रूट कॅनाल, कॅप, कवळी यांसाठी मात्र हे कार्ड दाखवून उपयोग नाही. आयुष्मान कार्डाचंही तेच. घरच्या मेडिक्लेमवरही विसंबू नका. अपघाताने दाखल व्हावं लागलं तर ठीक, एरवी दात बहुतेक पॉलिसींत वगळलेलेच असतात.

सरकारी दवाखाना हा मात्र खरा आधार आहे आणि लोक तो विसरतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आमच्या सांगलीचं सिव्हिल मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं, तो निर्णय त्याला लागू नाही, त्यामुळे केसपेपरचे आणि तपासण्यांचे पैसे खिशात ठेवा. ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात, खुर्ची चालू आहे का, हे आधी फोन करून विचारा. दात काढणं, सफाई, फिलिंग यासाठी तिथे जरूर जा. रूट कॅनाल करणार असतील तर पुढचा प्रश्न तुम्हाला आता पाठ असायला हवा. कॅप इथेच होणार का? नसेल तर कुठे, कितीला आणि किती दिवसांत?

खासगी दवाखाना झेपत नसेल तर दंत महाविद्यालय. सांगलीत वॉनलेसवाडीला भारती विद्यापीठाचं आहे, तासगाव रस्त्याला कवलापूरचं वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे, सातारा जिल्ह्यातल्यांना कराडचं कृष्णा. विद्यार्थी काम करतात, मागे शिक्षक उभे असतात. पैसे कमी, वेळ भरपूर. एका दाढेला चार-पाच फेऱ्या धरून चला, सकाळी लवकर पोचा, आणि परीक्षा-सुट्ट्या कधी आहेत ते विचारा, नाहीतर दाढ तात्पुरत्या फिलिंगवर लटकते. इथेही कॅपचा दर वेगळाच असतो. विचारा. कंटाळा आला असेल वाचून, मलाही आलाय लिहून, तरी विचारा.

घरात कुणी कुपवाड एमआयडीसीत कामाला असेल आणि पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड शोधा. अवलंबून असलेले आईवडील त्यात येतात आणि दातांचे उपचारही. फौजी घर असेल तर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. साताऱ्याकडे अपशिंग्यासारख्या गावांत घरटी सैनिक आहेत, पण कार्ड करून ते कपाटात ठेवणारेही तितकेच.

औषधांची चिठ्ठी न्यायलाच हवी. रक्त पातळ करायची गोळी, साखरेची, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली इंजेक्शनं, सगळं सांगा. हाडांच्या काही औषधांमुळे दात काढल्यावर जबडा भरून यायला त्रास होतो. रक्ताची गोळी मनाने बंद करू नका. साखर असणाऱ्यांनी उपाशी जाऊ नये, आई हमखास जाते.

कवळी: दात काढल्यावर हिरड्या भरायला वेळ लागतो, शिवाय कवळीच्या चार-पाच फेऱ्या. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून केलेला दात: खर्च मोठा, दोन ठिकाणी विचारा, आणि तिथेही वरची कॅप धरून विचारा. मुलांचं: शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा दात दाखवायला सांगा. रस्त्याकडेला दात बसवून देणारे: नको. बिल: घ्या.

आणि परतीच्या रिक्षाचं जातानाच ठरवून ठेवा. तोंड बधिर असताना मला ‘विश्रामबाग’ म्हणता येईना, रिक्षावाल्याने दोनदा ‘काय म्हणताय?’ विचारलं आणि शेवटी मी मोबाइलवर टाइप करून दाखवलं.