जर्दाळू घेताना आणि खाताना या चुका टाळा

दुकानात दोन प्रकारचे जर्दाळू दिसले की हात हमखास केशरी, तुकतुकीत मालाकडे जातो. तपकिरी, सुरकुतलेले जुने असतील असं वाटतं. पण तुर्कस्तानातल्या मालात्या भागातून येणाऱ्या केशरी जर्दाळूंचा रंग बहुधा गंधकाच्या धुरीने टिकवलेला असतो. धुरी न देता उन्हात वाळवलेलं फळ काळवंडतंच, आणि चवीला, माझ्या मते, तेच सरस. घरात कुणाला दमा असेल तर पाकिटावर २२० हा आकडा आहे का ते आधी बघा. २२० म्हणजे या धुरीतला सल्फर डायऑक्साइड; त्याने काहींचा दमा उसळतो.

‘रक्त वाढतं’ म्हणून मूठमूठ खाण्यातही अर्थ नाही. १०० ग्रॅम जर्दाळूत लोह जेमतेम अडीच-पावणेतीन मिलिग्रॅम, साखर मात्र पन्नास ग्रॅमच्या वर. चार-पाच पुरे. त्यावर लगेच चहा ढोसला तर आहे ते लोहही नीट अंगी लागत नाही. लोह अंगी लागायला मदत करणारं क जीवनसत्त्व वाळताना जवळजवळ संपतं, म्हणून सोबत संत्रं किंवा पेरू घ्या. यात तंतू आणि पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावेत.

अख्खे, बीवाले जर्दाळू कडक असतात. घाईने उकळत्या पाण्यात टाकले की वरून लगदा, आत चिवट. धुऊन, बुडतील इतक्याच पाण्यात रात्रभर ठेवा. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये, नाहीतर सकाळी फेस आणि आंबूस वास. ते पाणी ओतून देऊ नका. हैदराबादी ‘खुबानी का मीठा’ त्याच पाण्यात शिजतो.

बी फोडून आतला गर खायची सवय अनेकांना असते. इथे जपा. लडाखच्या रक्त्से कार्पो जातीचा (२०२२ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली) गर गोड असतो, पण सगळ्या जातींचा नसतो. कडू गरातल्या अ‍ॅमिग्डालिन या द्रव्यापासून पोटात सायनाइड तयार होतं. जिभेला कडू लागला की थुंका; लहान मुलांच्या हाती तर देऊच नका.

फळावर पांढरं दिसलं तर कोमट पाण्यात बुडवा. विरघळलं तर ती वर आलेली साखर. लव असेल, कुबट वास येत असेल तर बुरशी. मग वरवर पुसून भागत नाही, अख्खी बरणी टाकायची. पावसाळ्यात जर्दाळू घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्येच ठेवा.