टोकन काढण्याआधी चित्र उलटं करा

२०२१ च्या मार्चमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात एक डिजिटल चित्र टोकनच्या (एनएफटी, म्हणजे ब्लॉकचेन नावाच्या सामायिक डिजिटल वहीतली मालकीची नोंद) रूपात जवळजवळ सात कोटी डॉलरना गेलं आणि घरोघरचे भाचे-पुतणे वॉलेट, म्हणजे टोकनं ठेवायचं डिजिटल पाकीट, उघडून बसले. आमच्याकडे मावसभाऊ होता. त्याने आणि मी मिळून बाबांच्या सहा कॅनव्हासांची टोकनं काढली. ‘आता चित्र पुन्हा विकलं गेलं की दहा टक्के आपोआप तुमच्याकडे,’ असं मी बाबांना छातीठोकपणे सांगितलं. दोन वर्षांनी त्यातलं एक चित्र लिलावाच्या कॅटलॉगमध्ये दिसलं. फ्रेम नवीकोरी, किंमत आमच्या विक्रीच्या चौपट. टोकन मात्र पहिल्या ग्राहकाच्या वॉलेटमध्ये जागचं हललं नव्हतं. आम्हाला दमडी मिळाली नाही. बाबा एवढंच म्हणाले, ‘बरी फ्रेम केलीय.’

चूक लिलाववाल्यांची नव्हती. चित्राला टोकन आहे हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता, कारण मी माहितीची चिठ्ठी फ्रेमच्या मागच्या प्लायवर चिकटवली होती. ग्राहकाने फ्रेम बदलली, चिठ्ठी फ्रेमवाल्याच्या कचऱ्यात गेली. आता पुढच्या आठ चित्रांची तयारी करते आहे, म्हणून हे लिहून ठेवते. चिठ्ठीचं परत परत येईल, वैतागू नका.

आधी चित्रं निवडा. मोजमाप, माध्यम, साल, सही हे सांगायला नको. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेली चित्रं बाजूला ठेवा. वेगळा करार नसेल तर त्यांच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो सांगणारा असतो, आणि कायद्यातला पुनर्विक्रीचा हक्क त्या पहिल्या मालकीवरच उभा आहे. हो, कायद्यात हक्क आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५३ए, १९९४ च्या दुरुस्तीने आलेलं. मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाटन दहा हजार रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर कलाकाराला वाटा मिळावा, फार तर दहा टक्के. कॉपीराइट दुसऱ्याला लिहून दिला असला तरी हा हक्क राहतो, आणि कलाकार गेल्यावर वारसांकडे येतो. पण घरी आणून कोणी देत नाही. विक्री झाल्याचं तुम्हाला कळलं, तर मागायचं. कळणार कसं? तेवढ्यासाठीच हा सगळा टोकनांचा खटाटोप.

मग कागद. ग्राहकाशी साधा करार करा, टोकनच्या आधी. त्यात तीन गोष्टी हव्यात: चित्र विकताना टोकनही द्यायचं, विक्रीच्या रकमेचा ठरलेला टक्का आम्हाला द्यायचा, आणि पुढच्या ग्राहकाकडून याच अटींवर सही घ्यायची. गॅलरीमार्फत विकत असाल तर गॅलरीचीही सही. ‘अहो, ओळखीचेच आहेत,’ असं कोणी म्हणालं तर हसून पेन पुढे करा. वकिलाकडून एकदा मसुदा तपासून घ्या.

ही युक्ती काही नवी नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७१ साली कलाप्रदर्शनं भरवणाऱ्या सेथ सीगेलॉब यांनी रॉबर्ट प्रोजान्स्की या वकिलाकडून असाच करार लिहून घेतला होता. किमतीत जेवढी वाढ झाली तिचे १५ टक्के कलाकाराला. आणि त्या कराराबरोबर एक सूचनेची चिठ्ठी होती, कापून थेट कलाकृतीवर लावायची! पन्नास वर्षांपूर्वी, ब्लॉकचेनचं नावही नसताना, त्यांना कळलं होतं की तिसऱ्या माणसाला करार दिसला पाहिजे. मला कळलं नाही.

तर चिठ्ठी. फ्रेमवर नाही. मागच्या प्लायवर नाही. काचेच्या आतल्या माउंटवरही नाही. फ्रेम हा चित्राचा शर्ट आहे, प्रत्येक नवा मालक तो बदलतो. चिठ्ठी लावायची स्ट्रेचरच्या (कॅनव्हास ज्यावर ताणून बसवतात ती आतली चौकट) लाकडी पट्टीवर, ॲसिड-फ्री कागदावर, टोकनचा क्रमांक, टोकन-कराराचा (टोकन चालवणारा ब्लॉकचेनवरचा प्रोग्राम) पत्ता आणि ‘हे चित्र पुनर्विक्रीच्या अटींसह विकलेलं आहे’ हे वाक्य मराठीत आणि इंग्रजीत. क्यूआर हवा तर छापा, पण क्रमांक अक्षरांतही लिहा, क्यूआर ज्या साइटवर नेतो ती उद्या बंद पडेल. चिठ्ठीखाली त्याच लाकडावर पेन्सिलीने क्रमांक पुन्हा. आणि स्ट्रेचरही बदलतात (वाळवी, दमट हवा, मुंबईचा पावसाळा), म्हणून कॅनव्हासची जी कड मागे दुमडलेली असते तिच्यावर बारीक अक्षरांत तिसऱ्यांदा. कॅनव्हासच्या पाठीवर गोंद नको, बॉलपेन नको, शाई पुढे फुटते. एनएफसी टॅग (फोन जवळ नेला की वाचता येणारी चिप) लावायचा तर लावा, पण साधा टॅग फक्त लिंक उघडतो, चित्र खरं असल्याचा तो पुरावा नव्हे. कागदावरच्या चित्राला मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिल, बस.

आता टोकन. इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो, माझाही होता. ईआरसी-२९८१ नावाचं जे रॉयल्टीचं मानक आहे, ते विचारणाऱ्याला फक्त सांगतं: अमुक पत्त्यावर इतकी रक्कम द्या. द्यायची की नाही, हे विक्री जिथे होते ती बाजारपेठ ठरवते. ओपनसी या टोकनांच्या मोठ्या बाजारपेठेने ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस रॉयल्टीच्या सक्तीची व्यवस्था काढून टाकली आणि भल्याभल्यांची ‘आपोआप’ येणारी मिळकत मर्जीवर गेली. सक्ती करणारे टोकन-करारही आहेत, ते ठरावीक बाजारपेठांबाहेर टोकन हलू देत नाहीत. वापरा, पण त्यांनाही कॅनव्हास दिसत नाही. कोणी चित्र टेम्पोत घालून नाशिकला नेलं आणि रोख घेतले, तर ब्लॉकचेनला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून चिठ्ठी. स्ट्रेचरवर.

टक्का भरताना डोळे उघडे ठेवा. थेट टोकन-करारात लिहीत असाल तर हिशेब बहुधा दहा हजारांत असतो: दहा टक्के म्हणजे १०००. तिथे १० लिहिलंत तर ०.१ टक्का मिळेल. रॉयल्टी जमा होणारा पत्ता नंतर बदलता येईल असा ठेवा, आणि तो टोकन-करार मावसभावाच्या वॉलेटमधून ब्लॉकचेनवर चढवू नका. भाऊ चांगला आहे, पण आता कॅनडात आहे आणि त्याचा जुना लॅपटॉप कुठे आहे ते त्यालाच माहीत नाही. चित्राचा फोटो आयपीएफएसवर (अनेक संगणकांवर मिळून फाइली ठेवणारी व्यवस्था) टाका आणि तिथे तो टिकवण्याचे पैसे कोण भरणार ते ठरवा. समोरचा फोटो, मागचा फोटो, आणि रंगाच्या भेगा किंवा ब्रशचे फटकारे दिसतील असे दोन-तीन अगदी जवळचे. घरचा पत्ता, फोन नंबर त्यात घालू नका, पुसता येत नाही.

वॉलेट पुन्हा उघडून देणारे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द कागदावर, दोन ठिकाणी. फोनच्या गॅलरीत नाही. कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, तेव्हा हे शब्द कुठे आहेत ते मुलांना माहीत हवं. मृत्युपत्रात जागा सांगा, शब्द नव्हे.

कर: सीएला आधी विचारा, विकून झाल्यावर नाही.

विक्रीच्या दिवशी: सह्या, टोकन ग्राहकाच्या वॉलेटमध्ये. त्याच्याकडे वॉलेट नसेल तर तिथेच उघडून द्या, ‘नंतर पाठवतो’ म्हणजे कधीच नाही. पावती. वर्षातून दोनदा कॅटलॉग चाळा.

पॅकिंगवाला बबलरॅप घेऊन दारात उभा असेल तर त्याला चहा द्या, चित्र उलटं करा, फ्रेम काढा आणि स्ट्रेचर बघा.