फिशबोन आकृती टीमसोबत कशी काढायची आणि मग तपासायची कशी

फिशबोन, इशिकावा किंवा कारण-परिणाम आकृती: नावं तीन, वस्तू एकच. माशाच्या सांगाड्यासारखं हे चित्र: डोक्यात समस्या, काट्यांवर तिची संभाव्य कारणं. काओरू इशिकावा यांनी 1943 मध्ये कावासाकीच्या पोलाद कारखान्यातल्या इंजिनियरांना गुंतलेली कारणं उलगडून दाखवण्यासाठी ती वापरली. पुढे गुणवत्तेच्या सात मूलभूत साधनांत तिला जागा मिळाली. आकृती काढून झाली की बहुतेक टीम थांबतात, पण भिंतीवर तेव्हा असतात त्या फक्त शंका. खरं काम त्या तपासण्याचं आहे.

डोक्यात काय लिहायचं

कागदाच्या उजव्या टोकाला चौकट काढून (हे माशाचं डोकं) त्यात समस्या लिहायची. सगळ्यात जास्त बैठका इथेच फसतात. नुसतं "गळती वाढली" लिहिलं तर प्रत्येकाच्या मनात वेगळी गळती असते. काय, कुठे, कधीपासून आणि किती, हे सगळं हवं. पावडरची पाकिटं भरून त्यांच्या कडा उष्णतेने बंद (सील) करणाऱ्या दोन मशीनचं उदाहरण घेऊ: "मशीन 2, दुसरी पाळी, 200 ग्रॅमची पाकिटं: आडव्या सीलमधली गळती 4 आठवड्यांत 0.5 टक्क्यावरून 2 टक्क्यांवर." यात कारण शिरू द्यायचं नाही. "हीटर खराब असल्याने गळती" असं लिहिलं की चर्चा सुरू व्हायच्या आधीच संपते.

खाली आणखी एक ओळ लिहा: समस्या कुठे नाही. मशीन 1 वर नाही, पहिल्या पाळीत नाही, उभ्या सीलवर नाही. ही ओळ पुढे फार कामाला येते.

बैठक

5 ते 8 माणसं, 60 ते 90 मिनिटं. दोन्ही पाळ्यांचे ऑपरेटर, मेंटेनन्स, क्वालिटी, स्टोअर, म्हणजे कामाला प्रत्यक्ष हात लावणारे लोक हवेत. बैठक चालवणाऱ्याने स्वतःची कारणं मांडायची नाहीत. फ्लिपचार्टचे चार कागद जोडून घ्या. जागा कमी पडली की लोक लिहायचं आखडतं घेतात.

आडवा कणा, त्याला सहा तिरक्या फांद्या: माणूस, मशीन, माल, पद्धत, मोजमाप, परिसर. ऑफिसच्या कामात या फांद्या ओढूनताणून बसवू नका. तिथे कामाचे टप्पेच फांद्या म्हणून घ्या (अर्ज आला, तपासला, मंजूर झाला, कळवला). फांद्या फक्त आठवण करून देण्यासाठी असतात. एखादी चिठ्ठी कुठल्या फांदीवर लावायची यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दोन ठिकाणी बसत असेल तर दोन्हीकडे लावा.

पहिली 10 मिनिटं कुणी बोलायचं नाही, एका चिठ्ठीवर एकच कारण लिहायचं. मग आळीपाळीने एकेक चिठ्ठी, सर्वात ज्युनियर आधी, साहेब शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीच्यांच्या चिठ्ठ्या खिशातच राहतात.

"प्रशिक्षण नाही", "लक्ष देत नाहीत", "मशीन जुनं" अशा चिठ्ठ्या सौम्यपणे परत करा. पहिली म्हणजे कारणाच्या वेषातला उपाय आहे, दुसरी आरोप, तिसरी नुसतं वर्णन. विचारा: त्यामुळे नेमकं काय घडतं? "तापमान सेट करताना आकडा चुकतो" असं उत्तर आलं तर ते तपासता येतं.

मग प्रत्येक मोठ्या कारणाला "का?" विचारत आत जायचं. सीलच्या जागी पावडर येते. का? भरणी थांबल्यावरही नळीतून पावडर झिरपते. का? ऑगर (पावडर पुढे ढकलणारा फिरता स्क्रू) उशिरा थांबतो. का? त्याचा ब्रेक झिजलाय. का बदलला नाही? मेंटेनन्सच्या तपासणी यादीत तो नाहीच. टीमला स्वतः बदलता येईल अशी गोष्ट आली की थांबा. नंतर साखळी "म्हणून" लावून उलटी वाचा. वाचताना कुठे अडखळायला झालं तर मधली पायरी सुटलेली असते.

शंका तपासणं

आता ती "कुठे नाही"ची ओळ काढा. ब्रेक दोन्ही पाळ्यांत तोच आहे, मग पहिल्या पाळीत गळती का नाही? म्हणजे ब्रेक एकटा पुरेसा नाही. दुसऱ्या पाळीत वेगळं काय, हे शोधताना कळतं की तिथे मशीन मिनिटाला 40 ऐवजी 50 पाकिटांवर चालतं. झिजलेला ब्रेक 40 ला निभावतो, 50 ला नाही. दोन फांद्यांवरची कारणं मिळून काम करतात तेव्हा ही आकृती तोकडी पडते, म्हणून त्यांना तुटक रेषेने जोडा.

प्रत्येकाला तीन ठिपके देऊन मतदान घ्यायला हरकत नाही, पण त्यातून फक्त तपासणीचा क्रम ठरतो. सर्वाधिक ठिपके मिळालेलं कारण खरं असेलच असं नाही. वरच्या चार-पाच कारणांसाठी तक्ता करा: कारण, ते खरं असेल तर काय दिसेल, कोण बघणार, कोणत्या तारखेपर्यंत.

मोजमाप आधी तपासा. ही फांदी नेहमी रिकामी राहते. चांगली आणि गळकी अशी मिसळलेली 50 पाकिटं दोन्ही पाळ्यांच्या तपासनिसांना, कोणतं कसं ते न सांगता, द्या. निकाल जुळले नाहीत तर 2 टक्के हा आकडाच संशयास्पद आहे.

मग कारण चालू-बंद करून बघा. पहिल्या पाळीत वेग 50 करा, गळती वाढायला हवी. दुसऱ्या पाळीत 40 करा, कमी व्हायला हवी. एका वेळी एकच गोष्ट बदला. शंभर पाकिटांवर निष्कर्ष काढू नका: 2 टक्क्यांना तिथे सरासरी 2 गळकी निघणार, 0.5 ला एखादं किंवा एकही नाही, आणि एवढा फरक योगायोगानेही पडतो. हजार पाकिटांत तेच अंदाजे 20 विरुद्ध 5 होतं, आणि मग बोलता येतं.

सिद्ध झालेल्या कारणाला गोल करा, खोट्या ठरलेल्यावर फुली मारून शेजारी तारीख आणि पुरावा लिहा. फुली मारलेली चिठ्ठी फेकू नका, कारण नवीन माणूस महिन्याभरात तीच शंका काढतो. उपायानंतर डोक्यातला तोच आकडा निदान 4 आठवडे बघा. तो 1.2 वर अडकला तर डोक्यात नवा आकडा लिहून उरलेल्या, फुली नसलेल्या चिठ्ठ्यांपासून पुढे जा.